सोनं पावणेदोनशे, टेलिफोनला रांग: शिवाजी पार्क, १९६६ ते १९६९

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना गर्दीच्या लोकलमध्ये ऐकणं जमत नाही, किंवा ज्यांचा एक इअरबड पुन्हा हरवलाय, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अक्षरशः' आणि चहाचे घोट तेवढे काढलेत. बाकी तेच आहे.

विषय तुम्हीच दिलात. गेल्या महिन्यात बऱ्याच जणांनी मला एकाच प्रकारचा फॉरवर्ड पाठवला. वर जुन्या मुंबईचा काळा-पांढरा फोटो, खाली १९६९ सालच्या भावांची यादी. सोनं दहा ग्रॅमला १७६ रुपये, डॉलर साडेसात रुपये, पोस्टकार्ड दहा पैसे. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि 'किती सुखाचे दिवस होते' अशा अर्थाची ओळ. आणि तुमचा प्रश्न: भाई, हे खरं आहे का?

आकडे बऱ्यापैकी खरे आहेत. पण त्यावरून जो अर्थ काढला जातो, तो तपासायला हवा. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, दिवसभर कोड लिहितो. त्या कामात एक सवय लागते. डॅशबोर्डवरचा एकच आकडा हिरवा दिसला म्हणून सिस्टिम नीट चालली आहे असं धरायचं नाही. तो आकडा नक्की काय मोजतोय ते आधी बघायचं. आज तेच करूया. आणि 'जुनी मुंबई' असं मोघम बोलण्यापेक्षा एकच जागा धरूया: दादरचं शिवाजी पार्क, १९६६ ते १९६९.

आधी मैदान

हे मैदान मुंबई महापालिकेनं १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली त्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. साधारण २८ एकर जागा आणि भोवती बसायला कट्टा. आजूबाजूच्या तीन-चार मजली, गोलसर बाल्कनींच्या इमारती बऱ्याचशा १९३० आणि ४० च्या दशकांतल्या. म्हणजे आपण ज्या काळाबद्दल बोलतोय तेव्हा त्या जुन्या झालेल्या नव्हत्या, चांगल्या वापरात होत्या.

मैदानातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ चा. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला सावरकर इथल्याच सावरकर सदनात गेले. एका कोपऱ्यात समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, दुसरीकडे जिमखान्याची नेट्स, नवरात्रात बेंगॉल क्लबची दुर्गापूजा. आणि समोरून ट्राम जाणं बंद झालेलं दादर, कारण ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला येऊन थांबली ती कायमची. आज आपण 'दादर टी.टी.' म्हणतो त्यातलं टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, नाव अजून उतरलेलं नाही.

वस्ती कोणाची? नोकरदार. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, शाळा. श्रीमंत नाही, गरीबही नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जपून चालणारी माणसं. भावांच्या यादीचा खरा अर्थ लावायला अशी वस्ती बरी पडते.

सोन्याचा हिशेब

सोन्यापासून सुरुवात करू, कारण फॉरवर्डची सुरुवातही तिथूनच होते.

१९६९ मध्ये दहा ग्रॅमचा भाव १७६ च्या आसपास, मान्य. आता त्याच तक्त्यात तीन ओळी वर बघा. १९६६ मध्ये तोच भाव ८४ च्या आसपास होता. तीन वर्षांत दुप्पट! आज सोनं तीन वर्षांत दुप्पट झालं की घरोघरी त्याची चर्चा होते ना? तेव्हाही होत होती. १९६९ सालच्या लग्नघरातल्या माणसाला १७६ हा आकडा स्वस्त वाटत नव्हता. तीन वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात घेतलं त्याच्या दुप्पट, असा तो आकडा होता.

आता पगार. त्या काळात आयएएस अधिकारी नव्यानं रुजू झाला की त्याचा मूळ पगार ४०० रुपये. देशातली सगळ्यात मानाची नोकरी, ४०० रुपये. १९६९ च्या भावानं त्यात बावीस-तेवीस ग्रॅम सोनं यायचं. आज सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याच जागेचा सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० आहे आणि सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे. म्हणजे सहा ग्रॅमही नाही. भत्ते धरले तर थोडं वर, पण चित्र तेच.

मग आजचा आयएएस अधिकारी तेव्हापेक्षा चौपट गरीब झाला का? उघडच नाही. त्याच्या घरात फ्रीज आहे, गाडी आहे, हातात फोन आहे. म्हणजे सोनं हे मोजायचं माप म्हणूनच वाकडं आहे. सोन्याचा भाव आपल्याला सोन्याबद्दल सांगतो. जगणं किती महाग होतं ते सांगत नाही.

शिवाय त्या १७६ रुपयांतही अटी होत्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारनं सोन्यावर नियंत्रण आणलं, १४ कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला काही काळ बंदी होती, आणि १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला. सामान्य माणसानं सोन्याची बिस्किटं आणि लगडी बाळगायला मनाई. कायद्यानं दार बंद केलं की मागचं दार उघडतं. दुबईहून येणाऱ्या बिस्किटांचं मुंबई हे मोठं बंदर झालं ते याच वर्षांत. पुढे सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात दिसणारा स्मगलर तिथून आलेला आहे.

डॉलरचंही तसंच. साडेसात हा आकडा ६ जून १९६६ च्या अवमूल्यनानं आला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत डॉलर ४.७६ रुपये होता. एका रात्रीत ५० टक्क्यांहून जास्त महाग. आणि स्वस्त म्हणावा तर तो तुम्हाला विकत मिळत कुठे होता? परदेशी निघालेल्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं हातखर्चाला जेमतेम काही पौंड किंवा डॉलर मिळायचे.

स्वस्त, पण मिळत नाही

हा आजच्या भागातला मुख्य मुद्दा, म्हणून इथे थोडा थांबतो.

वस्तूची किंमत दोन प्रकारे चुकवता येते, एक पैशानं आणि एक वेळानं. साठच्या दशकातल्या बऱ्याच वस्तूंची पैशातली किंमत सरकारनं बांधून ठेवली होती. मागणी मात्र बांधून ठेवता येत नाही. मग उरलेली किंमत रांगेत वसूल व्हायची.

टेलिफोन घ्या. पोस्ट आणि तार खात्याकडे अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. इमारतीत एखाद्याच घरी फोन असायचा, बहुधा डॉक्टरकडे. बाकीचे आपल्या पत्रिकेत त्याचाच नंबर द्यायचे. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून घरात बसून राहायचं, कधी लागेल ते ऑपरेटरच्या हाती. तातडीचं काही असेल तर तार. आणि तार आली की ती उघडायच्या आधीच घरातल्या बायका रडायला लागायच्या, कारण चांगली बातमी बहुधा पोस्टकार्डानं यायची. पोस्टकार्ड १९६८ पासून दहा पैसे, पाकीट वीस पैसे. हे मात्र खरोखर स्वस्त होतं आणि खरोखर मिळत होतं.

स्कूटर? व्हेस्पा किंवा लँब्रेटासाठी नाव नोंदवायचं आणि काही वर्षं विसरून जायचं. ज्याचा नंबर आधी लागला तो तीच गाडी जास्त भावानं विकूही शकायचा. म्हणजे वापरलेल्या स्कूटरला नव्यापेक्षा जास्त किंमत. आपण नव्या फोनच्या फ्लॅश सेलला वैतागतो, इथे तो सेल पाच-पाच वर्षं चालला होता.

घर? हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक भाडं किंवा ईएमआय भरताना हे ऐकत असाल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या इमारतींची भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली. आत राहणाऱ्याला मोठाच दिलासा. शिवाजी पार्कच्या आसपासच्या बऱ्याच इमारती अशाच भाड्याच्या. पण ज्या घराचं भाडं वाढत नाही ते घर कोणी रिकामं करत नाही, आणि ज्या घरातून मिळकत नाही तसं घर कोणी भाड्यानं द्यायला बांधत नाही. मग नव्या माणसाला आत शिरायचं तर पागडी. म्हणजे रोख, पावतीशिवाय, एकदम. कागदावरचं भाडं काही रुपये आणि दारात पाऊल टाकायची किंमत काही हजार. फॉरवर्डमध्ये भाडं येतं, पागडी कधी येत नाही. मुलाचं लग्न झालं, खोली मिळत नाही, म्हणून स्वयंपाकघरात पडदा लावून संसार सुरू केलेली जोडपी त्या यादीत दिसत नाहीत.

आणि धान्य. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं देशात दुष्काळ. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक जेवण सोडायचं आवाहन केलं होतं ते याच्या तोंडावर. अमेरिकेतून पी.एल. ४८० करारातला गहू बोटींनी येत होता, तो बंदरात उतरला की शहर खाणार अशी अवस्था. घाऊक भाव दोन वर्षं लागोपाठ वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढले. तांदूळ, गहू, साखर कार्डावर. १९६७ नंतर साखरेचे दोन भाव झाले, रेशनचा एक आणि खुल्या बाजारातला दुसरा, बराच चढा. आता सांगा, 'तेव्हा साखर किती रुपये होती' या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? कुठल्या साखरेचं?

माझ्या आजीचं जुनं रेशनकार्ड आमच्या घरी अजून आहे. पानांना घड्या पडून भोकं पडलीत. मला त्यात भावांपेक्षा शिक्के जास्त बोलके वाटतात. प्रत्येक शिक्का म्हणजे कोणीतरी पिशवी घेऊन उभं राहिलेलं आहे. आमच्या घरी ते 'कोणीतरी' म्हणजे आजीच. पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर रिकाम्या बाटल्या आणि कार्ड घेऊन, मग रेशनच्या दुकानात, मग रॉकेलला. आजोबांचा पगार किती होता ते घरात सगळ्यांना पाठ आहे. आजीचे रांगेतले तास कोणी मोजले नाहीत, कारण त्याचा पगार नव्हता. स्वस्ताईची यादी करताना नेमका हाच खर्च गळतो.

आरेच्या केंद्रांबद्दल एक चांगली गोष्टही सांगतो. तिथे पहाटे काम करणारे बरेच जण कॉलेजात शिकणारी मुलं-मुली असायची. तास-दोन तास दूध वाटायचं आणि मग लेक्चरला पळायचं. त्या पैशात फी भागायची. आजच्या भाषेत पार्ट-टाइम गिग.

संध्याकाळ कशी जायची

करमणुकीत मात्र मला त्या लोकांचा खरा हेवा वाटतो.

टीव्ही नव्हता. दिल्लीत १९५९ पासून थोडं थोडं प्रक्षेपण होतं, पण मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे घरात जे काही यायचं ते रेडिओतून. चांगला सेट म्हणजे कारकुनाच्या एका महिन्याच्या, कधी दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू. त्यावर दरवर्षी पोस्टात जाऊन १५ रुपये लायसन फी भरायची. हो, रेडिओ ऐकायला लायसन लागायचं. म्हणजे सबस्क्रिप्शन ही काही आपल्या पिढीची शोधकामगिरी नाही.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला. दुपारी मुंबई केंद्रावर वनिता मंडळ, संध्याकाळी कामगारांसाठीचा कार्यक्रम. 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकांमधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घरच्याच माणसांसारखे झाले होते. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी या तीन आवाजांवर एक कुटुंब उभं राहायचं. चेहरा नाही, थंबनेल नाही. पॉडकास्ट करणाऱ्यानं त्यांना वाकून नमस्कार करावा. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. तोपर्यंत आकाशवाणीवर जाहिरात नव्हतीच. पुढच्या काही वर्षांत साबण आणि टूथपेस्टच्या ओळी पोरांना कवितांपेक्षा आधी पाठ झाल्या.

सिनेमाला प्लाझा, कोहिनूर, टी.टी.ला चित्रा आणि ब्रॉडवे, माहीमकडे सिटीलाइट. १९६६ मध्ये तीसरी मंझिल, १९६७ मध्ये उपकार आणि ज्वेल थीफ, १९६८ मध्ये पडोसन, १९६९ मध्ये आराधना. दंगा सगळा तिकिटाच्या खिडकीवर आणि तिच्या बाजूला उभ्या असलेल्या ब्लॅकवाल्याकडे.

पण दादरची खरी श्रीमंती नाटकात होती. १९६५ मध्ये शिवाजी मंदिर उभं राहिलं आणि मध्यमवर्गाला हक्काचं नाट्यगृह मिळालं. 'प्लॅन कधी उघडतोय' हा प्रश्न आज आपण 'बुकिंग कधी ओपन होतंय' असा विचारतो. १९६६ मध्ये 'अश्रूंची झाली फुले', त्यातला काशिनाथ घाणेकरांचा लाल्या, आणि मराठी नाटकात पहिल्यांदाच एंट्रीला शिट्ट्या. नटाला हिरो म्हणून डोक्यावर घेणं मराठी प्रेक्षक तिथे शिकला.

फुकटची करमणूक म्हणजे मैदान. मुंबईनं १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्याच्या बरोबर मधली ही वर्षं. रमाकांत देसाई इथलेच. अजित वाडेकर याच भागात राहायचे, स्टेट बँकेत नोकरी, डिसेंबर १९६६ मध्ये ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत पदार्पण, आणि १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला १४३ धावा. भारतानं परदेशात जिंकलेली ती पहिली मालिका. कसोटी खेळाडू मैदानावर दिसायचा आणि कोणी सेल्फी मागत नव्हतं, फार तर 'काय रे, परवा तो फटका कशाला मारलास' असं विचारायचं.

खायला मामा काणे, तांबे आरोग्य भवन. आणि दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडापावची गाडी सुरू केली, असं मुंबईत सगळीकडे सांगतात. रांगेच्या शहरात रांग न लावता मिळणारं जेवण. ते चाललं नसतं तरच नवल.

बातमी किती वेळात पोहोचायची

आता माझा आवडता भाग. आमच्या कामात लेटन्सी म्हणतात, म्हणजे घटना घडली आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचली यातला वेळ. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, डिसेंबर १९६७. ११ तारीख, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरला भूकंप. मुंबईत भांडी वाजली, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी खाली आली. काय झालं? कुठे झालं? कोणालाच कळेना. सकाळचे पेपर तोवर छापून झालेले. कोयनेहून मुंबईकडे येणारी वीज बंद पडली, त्यामुळे कारखान्यांचे हाल. ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर, ते त्या सकाळी गल्लीतले वार्ताहर. हळूहळू कळलं की पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली आहेत आणि गाव उद्ध्वस्त झालंय.

त्याच महिन्यात २० तारखेला रवींद्र नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा पहिला प्रयोग झाला, आणि २४ तारखेला 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. भूकंपाच्या बातम्या अजून पहिल्या पानावर असताना. हे मी धक्का म्हणून सांगत नाही. शहर असंच चालतं, तेव्हाही आणि आताही.

दुसरं, जुलै १९६९. शनिवार १९ तारखेच्या संध्याकाळी इंदिरा गांधींनी चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यात बँक ऑफ महाराष्ट्र होती, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडियासारख्या कितीतरी. शिवाजी पार्कसारख्या वस्तीत अनेक घरांत रविवारी एकच चर्चा: सोमवारी कामावर जायचं ते कोणाच्या बँकेत? आपलं काय होणार, बढतीचं काय?

आणि सोमवारी सकाळी, आपल्या घड्याळानं ८ वाजून २६ मिनिटांनी, नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला. ही वेळ नीट बघा. सोमवारी साडेआठ म्हणजे मुंबईकर डबा घेऊन स्टेशनकडे निघालेला. सकाळच्या पेपरात ती बातमी असणं शक्यच नव्हतं. ज्यांच्याकडे रेडिओ त्यांनी ऐकलं, बाकीच्यांना गाडीत कोणीतरी सांगितलं. चित्रं? ती पुढच्या दिवसांच्या पेपरात, आणि हलती चित्रं नंतर थिएटरात, मुख्य सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या न्यूजरीलमध्ये. म्हणजे आवाज काही सेकंदांत, शब्द एका दिवसात, दृश्य कितीतरी दिवसांनी. एकच घटना तीन वेगवेगळ्या वेळी पोहोचायची. मधल्या वेळात लोक काय करायचे? बोलायचे. कट्टा हा त्या काळातला कमेंट सेक्शन होता, फरक एवढाच की समोरच्याचा चेहरा दिसायचा.

तिसरं, नोव्हेंबर १९६९, ब्रेबॉर्न स्टेडियम, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. वेंकटराघवनला यष्टीमागे झेल म्हणून पंचांनी बाद दिलं. प्रेक्षकांमध्ये अनेकांच्या कानाला ट्रान्झिस्टर. रेडिओवर समालोचक देवराज पुरी म्हणाले की तो बाद वाटत नव्हता. झालं. स्टँडमध्ये खुर्च्या, शामियाने पेटले, बाटल्या आल्या. प्रेक्षक मैदानावरच होते, घटना डोळ्यांसमोर घडली होती, पण भडका उडाला तो कानातल्या आवाजामुळे. फोनमधल्या मेसेजनं गर्दी भडकते हे आपल्याला या काळाचं वाटतं. ते साधन हातात मावणारं झालं तेव्हापासूनचं आहे.

त्याच मैदानावरचा राग

आता फॉरवर्ड ज्याबद्दल पूर्ण गप्प असतो त्याबद्दल.

तारखा जुळवून बघा. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन. १९ जून १९६६ ला दादरच्या घरी बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. ३० ऑक्टोबरला, रविवारी, शिवाजी पार्कवर पहिला मेळावा, आणि मैदान भरलं. एका गोष्टीमुळे दुसरी झाली असं मी म्हणत नाही. १९६० पासून 'मार्मिक'मध्ये मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मांडला जात होता, कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. पण मैदानात आलेला तरुण कुठून आला होता? मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा दिलेला, धान्य महाग, नोकरी नाही, लग्न करायला खोली नाही. 'सुखाच्या दिवसां'त राहणारा मुलगा इतक्या संख्येनं चिडलेला का होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती भावांची यादी वाचताच येत नाही.

आणि त्या रागाची झळ ज्यांना बसली तेही याच बसमधून जाणारे लोक होते. शिवाजी पार्कपासून माटुंगा चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं. तिथला तमिळ टायपिस्ट किंवा शहरातला उडुपी हॉटेलवाला यांनाही तोच तांदूळ, तीच रांग, तीच खोलीची अडचण होती. दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर हल्ले झाले. ज्यांच्या खिडकीवर दगड आला त्यांच्यासाठी हे दिवस आठवणींचे आहेत, पण वेगळ्या.

राजकारण सगळीकडून हलत होतं. फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं. त्याच वर्षी महाजन आयोगानं बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवायची शिफारस केली. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेचे ४२ नगरसेवक आले. आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावर ठिणगी पडली. उपपंतप्रधान मोरारजी देसाईंची गाडी माहीमला निदर्शकांपुढे थांबली नाही, आणि दादर-माहीमपासून पेटलेली दंगल तीन-चार दिवस चालली. जाळपोळ, दगडफेक, पोलिसांचा गोळीबार. पन्नासहून जास्त माणसं मेली. ठाकरे यांना अटक झाली आणि शेवटी त्यांनी कैदेतून शांततेचं आवाहन केलं. त्या दिवसांत शिवाजी पार्कच्या आसपास दूध आणि पेपर वेळेवर येणं हीच मोठी बातमी होती.

त्यानंतर चार महिन्यांनी, १३ जून १९६९ ला आचार्य अत्रे गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हे मैदान ज्यांनी हसवून आणि चिडवून गाजवलं, ज्यांचा 'मराठा' सकाळी उघडताना लोकांना आज कोणाची पाळी याची उत्सुकता असायची, तो आवाज थांबला. एक पिढी संपत होती आणि त्याच मैदानावर दुसरी सुरू झालेली होती.

मग स्वस्ताई होती की नव्हती?

काही गोष्टींत होती. पोस्टकार्ड, वाचनालय, बस, नाटक, मैदान. सार्वजनिक गोष्टी स्वस्त होत्या आणि चांगल्याही होत्या. पगारातला माणूस शनिवारी वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब बघू शकायचा आणि रविवारी फुकटात उत्तम क्रिकेट. यातलं बरंच आपण गमावलंय आणि त्याबद्दल हळहळ वाटली तर ती खोटी नाही.

खाजगी गोष्टी मात्र महाग होत्या. घर, फोन, स्कूटर, घरात चार डबे भरलेलं धान्य. त्यांचा भाव कागदावर कमी दिसतो, कारण उरलेली रक्कम वेळात, पागडीत, ओळखीत आणि बायकांच्या श्रमांत चुकवली जायची.

आपलं बरोबर उलटं झालंय. फोन दहा मिनिटांत घरपोच येतो आणि मोकळं मैदान शोधावं लागतं. म्हणून 'तेव्हा बरं की आता' हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. कुठली गोष्ट सगळ्यांना मिळत होती आणि कुठली मोजक्यांनाच, हे विचारलं की दोन्ही काळ जास्त नीट दिसतात. आपण आज कशासाठी भांडायला हवं तेही दिसतं. माझं मत विचाराल तर सोन्याच्या भावासाठी नाही. त्या २८ एकरांसाठी, वाचनालयासाठी, परवडणाऱ्या नाट्यगृहासाठी.

आता तुमच्यासाठी काम. घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर या रविवारी फोनचा रेकॉर्डर चालू करून त्यांच्याजवळ बसा. 'तेव्हा काय भाव होता' हे विचारू नका, ते गुगलवर मिळतं. विचारा: कशासाठी थांबावं लागायचं, किती वेळ, आणि घरातून कोण जायचं? फेब्रुवारी ६९ मध्ये तुम्ही कुठे होतात? चंद्रावरची बातमी कोणी सांगितली? आजोबा आधी बोलतील, हे गृहीत धरा. त्यांचं झालं की तोच प्रश्न आजीला विचारा, आणि आजोबांना मध्ये बोलू देऊ नका.

ती माणसं आता फार उरलेली नाहीत. भाव कुठल्या ना कुठल्या तक्त्यात राहतील, रांगेतली आठवण राहणार नाही.

पुढच्या भागात ट्रामच्या रुळांचं काय झालं ते बघू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि आवडलं तर फॉरवर्ड करा. हात जोडलेल्या इमोजीशिवाय.